पाण्याची सोय झाली

आत्याच्या वह्या पहिल्यांदा उघडल्या तेव्हा मला आधी मळमळलं. प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या साडीचा तुकडा, त्यात गुंडाळलेल्या वह्या, डांबरगोळ्यांचा उग्र वास आणि पान उलटलं की सुळकन पळणारी कसर. "शी! काय हे जपून ठेवलंयस?" मी ओरडलेच. आत्या पलंगावरून शांतपणे म्हणाली, "माझी नोकरी आहे ती. बाल्कनीत झटक, उन्हात ठेव आणि मग वाच."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत बाई. लग्न केलं नाही, आणि का केलं नाहीस असं विचारणाऱ्यांशी पुढे संबंधही ठेवले नाहीत. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झाले. नवरा गेला, मुलगी पुण्याला. तेव्हापासून कोपरखैरण्याच्या वन बीएचकेत आम्ही दोघी, आणि दोघींची डोकी सारखीच गरम. तिचे डोळे आता अधू झालेत, म्हणून वाचायचं काम माझ्या गळ्यात आलं.

वह्या एकाहत्तरच्या लढाईच्या वेळच्या. आत्या तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, अगदी पोरसवदा. खाडीकाठच्या एका गावात चौथीपर्यंतची शाळा. नवी मुंबई वगैरे तेव्हा काही नव्हतं. भातखाचरं, मिठागरं आणि पावणे गावाच्या बाजूला नुकते उभे राहिलेले कारखाने. वहीत आत्याने त्या गावाला नुसतं 'गाव' म्हटलंय, मीही तेवढंच म्हणते.

मला वाटलं होतं, लढाईच्या दिवसांतली डायरी म्हणजे काहीतरी थरारक असणार. डोंबलाचं थरारक! 'उपस्थिती कमी, झोडणी सुरू.' 'खिडक्यांना काळा कागद लावला, खळ कमी पडली.' 'खरूज असलेली मुले वेगळी बसवली.' 'मुख्याध्यापक तालुक्याला कामगिरीवर, चारही वर्ग माझ्याकडे.' पानामागून पान हेच. बांगलादेश तिकडे जन्माला येत होता आणि आत्या इकडे पोरांच्या उवा काढत होती.

मग एका पानावर आलं, 'दूध भुकटी भिजवून वाटप केले. काही मुलांनी घेतले नाही.'

"आवडायचं नाही का त्यांना?" मी विचारलं.

"मी ढवळलं होतं ना," आत्या म्हणाली.

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला कळायला एक क्षण लागला. आम्ही बौद्ध, मूळचे महाडकडचे. गावात तेव्हा आम्हाला अजून जुन्याच नावाने ओळखायचे. मुख्याध्यापक होते तोवर दूध ते ढवळायचे. ते कामगिरीवर गेले आणि पातेलं आत्याच्या हातात आलं. मोठ्या घरची पोरं घरून ताकीद घेऊन आलेली. हात मागे बांधून उभी राहिली आणि उरलेलं दूध संध्याकाळी कुत्र्यांना घातलं.

"आणि तू काय लिहिलंस? 'काही मुलांनी घेतले नाही'! वा!" माझा आवाज चढला. "पोरांना पोट दुखत होतं असं वाटेल कोणालाही."

"मग काय लिहू? ही काय माझी खासगी डायरी आहे? दैनंदिनी आहे ती, दैनंदिनी. दर शनिवारी मुख्याध्यापक येऊन सही करायचे. पुढे साहेब तपासणीला आले की आधी तीच मागायचे. खरं लिहिलं असतं तर सोमवारी माझी बदली. तीही एखाद्या पाड्यावर."

तेव्हापासून आमचा एक रिवाज पडला. दुपारी जेवणं झाली की मी ओळ वाचायची आणि त्या ओळीत जे नाही ते आत्याने सांगायचं. 'पाण्याचा माठ भरून घेतला' वाचलं की ती सांगायची, कोणाकडून भरून घेतला. तिने हात लावायचा नव्हता. तहान लागली तर एखादं पोर वरून ओतणार, हिने ओंजळ धरायची. हिने ते एकदाच केलं आणि मग दिवसभर पाणीच प्यायचं बंद केलं. शाळेत संडास नव्हताच, त्यामुळे एक प्रकारे बरंच झालं, असंही म्हणाली. म्हणाली आणि हसली. मला हसू येईना.

आणि मग एका पितळी तांब्याची गोष्ट निघाली.

लढाई सुरू झाली तसा अंधार पाळायचा हुकूम आला. गावात वीज मोजक्याच घरी, बाकी कंदील आणि चिमण्या. पण हुकूम तो हुकूम. दिवेलागणीनंतर गल्लीगल्लीतून फिरून 'दिवे झाका' म्हणून सांगायचं काम कोणाला? तर शाळेच्या बाईंना. शिक्षकाला सरकार काय काय करायला लावतं ते आजही पाहतो आपण, तेव्हाही तेच. गंमत बघा. ज्या ओट्यांवर हिला पाय ठेवायची मुभा नव्हती, त्या ओट्यांखाली उभी राहून ही हाक मारायची, आणि घरातली बाप्ये माणसं मुकाट दिवा झाकायची.

एका संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ विमानाचा आवाज आला. आपलं की त्यांचं, कोणाला ठाऊक. आत्या विहिरीसमोर, एकटी, घाबरून पुतळा झालेली. समोरच्या घराचं दार उघडलं आणि आतून एका म्हातारीचा आवाज आला, "कोन हाय?"

"शाळेची बाई."

"ये गो बाय, आत ये. मरशील तिथं."

म्हातारीने हात धरून तिला आत ओढलं. मिट्ट काळोख. सगळं घर भिंतीला टेकून बसलेलं, तीही त्यांच्यात बसली. हिचे दात वाजत होते. म्हातारीने चाचपडत तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "पानी पी." आणि आत्या प्यायली. ओंजळीने नाही, तांब्याला तोंड लावून, अख्खा तांब्या. सकाळपासूनची तहान होती. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"तिला माहीत होतं ना तू कोण ते?" मी विचारलं.

"मी सांगितलं की, शाळेची बाई. गावात शाळेची बाई एकच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायला गेली तर तीच म्हातारी पायरीशी उभी. पायरीवर तो पितळी तांब्या ठेवलेला. म्हातारी चार हात लांब सरकली. खाली बघून म्हणाली, "बाई, ह्यो आता तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घरात बोलतात."

रात्री 'तू', सकाळी 'तुमी'. मान मिळाला बघा आत्याला!

मी त्या दिवशीचं पान उघडलं. आत्याच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती. 'गावातून शाळेस पितळी तांब्या एक मिळाला. पाण्याची सोय झाली.' खाली मुख्याध्यापकांची सही.

माझं डोकंच सणकलं. "हे कशाला लिहिलंस? नसतं लिहिलं तर काय बिघडलं असतं?"

"वेडी आहेस का? पितळेचा तांब्या आहे. नोंद नसती केली तर उद्या कोणीतरी म्हटलं असतं, बाईंनी चोरला. म्हणायला किती वेळ लागतो? आमच्याबाबतीत तर नाहीच लागत."

पुढे बदली झाली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, घेऊन जा तुम्हीच, इथे कोण वापरणार तो. म्हणून तो तांब्या आमच्या घरात आला. मी लहानपणापासून तो बघतेय. तिच्या उशाशी असतो, पोटाला एक पोचा आलेला. मला वाटायचं, आजीच्या लग्नातला असेल. इतकी वर्षं त्या तांब्यातून मीसुद्धा पाणी प्यायले आणि आता मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, भंगारात घालते. आत्या म्हणाली, "हात लावून तर बघ."

हे सगळं आमच्या दोघींतच राहिलं असतं. पण वह्या बाल्कनीत वाळत होत्या आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये एक बाई राहतात, एका नव्या इंग्रजी शाळेच्या कोऑर्डिनेटर. त्यांनी विचारलं, हे काय म्हणून. युद्ध म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. डिसेंबरात त्यांच्या शाळेत सैनिकांच्या सन्मानाचा मोठा कार्यक्रम होता. "मॅम, हे तर सोनं आहे! आम्ही प्रदर्शनात ठेवतो. तुमच्या आत्यांना स्टेजवर बोलावू."

शाळा कुठली? तर त्याच गावातली. गाव आता कुठे राहिलंय म्हणा, चहूबाजूंनी टॉवर उठलेत. संस्थेचे अध्यक्ष गावातलेच. त्यांचं आडनाव ऐकून आत्याने मान वर केली. मग कोऑर्डिनेटर बाईंना एकच विचारलं, "यांचं जुनं घर विहिरीसमोरचं का?" त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन करून विचारलं. हो, तेच. म्हातारी म्हणजे अध्यक्षांची आजी.

मी आत्याला म्हटलं, "काही जायचं नाही. मिरवायला पाहिजे त्यांना कोणीतरी म्हातारं."

"जायचं," आत्या म्हणाली. "मी आता किती दिवसांची? मी मेले की ही वहीच खरी ठरणार. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, तांब्या मिळाला, सोय झाली. ते मला जिवंतपणी खोडायचंय. त्याच गावात, त्याच घरच्यांसमोर. पाच मिनिटं बोलायला देणार असतील तर वह्या नेऊ देत, तांब्याही नेऊ देत." कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, पाच काय, दहा मिनिटं घ्या ना मॅम.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी प्रदर्शन बघायला गेले आणि दारातच माझं टाळकं फिरलं. थर्माकोलचा रणगाडा. काळा पडदा लावून केलेला 'ब्लॅकआउट सेल्फी पॉइंट'. त्यात खेळण्यातली बंदूक धरून दात काढणाऱ्या आया. मधोमध काचेच्या पेटीत आत्याचा तांब्या, कसल्यातरी पावडरीने घासून लखलखीत केलेला. वर सनबोर्डच्या फलकावर सोनेरी अक्षरं होती, 'युद्धकाळात अहोरात्र सेवा करणाऱ्या बाईंना कृतज्ञ गावकऱ्यांनी दिलेली प्रेमाची भेट'. बाजूला ते पान, मोठं करून छापलेलं.

"हे असं नाहीये," मी कोऑर्डिनेटर बाईंना सांगितलं. सगळं सांगितलं, तांब्या का आला तेही.

त्यांचा चेहरा पडला, खोटं कशाला बोलू. पण लगेच सावरल्या. "मॅम, पण डायरीत तर तसंच लिहिलंय ना. हे बघा, 'मिळाला'. 'सोय झाली'. आम्ही मनाचं काहीच घातलं नाही."

"प्रेमाची भेट हे कोणाच्या मनाचं?"

"ते जरा... प्रेझेंटेशन असतं हो. आणि मुलं बघणार आहेत, पॉझिटिव्ह ठेवूया ना. जुनं उकरून काय मिळणार? सरांच्या घरचंच आहे हे, समजून घ्या."

समजून घ्या! आयुष्यभर आम्हीच समजून घेतोय. मी घरी येऊन भांडी आदळली. आत्या म्हणाली, "आदळआपट करू नकोस. बोर्ड त्यांचा, तोंड माझं."

दुसऱ्या दिवशी तिने कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली. हॉल गच्च भरलेला. लष्करी कपड्यांतली बारकी पोरं धुराच्या मशीनमधून पळत नाचून गेली. दोन निवृत्त जवानांना शाली दिल्या, त्यांना बोलायलाच दिलं नाही. मग आत्याचं नाव पुकारलं. निवेदिका कागद घेऊन पुढे आली. "मॅम, एवढंच वाचायचं." आत्याने कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. म्हणाली, "मला दिसत नाही, मी सांगते."

आणि सांगितलं. आवाज वर्गातला, तसाच खणखणीत. माठ, दूध, अंधार, म्हातारीचा हात, सकाळची पायरी. म्हातारी काय म्हणाली तेही जसंच्या तसं. शेवटी म्हणाली, "वहीत मी 'मिळाला' असं लिहिलं, कारण खरं लिहायची सोय नव्हती. आज ते दुरुस्त करते. तांब्या मिळाला नव्हता. मी बाटवला म्हणून टाकून दिला होता." हॉलमध्ये कोणाचा तरी फोन वाजत राहिला, तेवढाच आवाज. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जिंकली गं बाई.

आणि तेव्हा अध्यक्ष उठले. माइक घेतला. चेहऱ्यावर असं काही कारुण्य की बघत राहावं. "बाई, तो जमाना गेला. आमची आजी अडाणी होती, तिला माफ करा. आज आपण सगळे एक आहोत. आणि हे मी नुसतं बोलत नाही, करून दाखवतो. आणा रे तो तांब्या! या तांब्यातून आधी बाई पाणी पितील, मग मी पिणार. इथं, सगळ्यांसमोर! कुठे गेला फोटोवाला?"

टाळ्या. काचेची पेटी उघडली. सीलबंद बाटली फोडून पाणी तांब्यात ओतलं. आत्याच्या हातात दिलं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखी तांब्याला तोंड लावून दोन घोट प्यायली. पदराने ओठ टिपले. तांब्या त्यांच्या हातात दिला.

अध्यक्षांनी तांब्या दोन्ही हातांनी कपाळाला लावला. कॅमेऱ्याकडे बघितलं. मग मान मागे टाकली, तांब्या वर उचलला आणि वरून धार सोडून पाणी प्यायले. घटाघटा. शर्टावर थेंबही न सांडता. ओठ काठाला लागले नाहीत.

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. लोक उभे राहिले. मला माहीत आहे, आजकाल सगळेच वरून पितात, बाटलीसुद्धा. मीही पिते. पण हा माणूस कशासाठी उभा राहिला होता? आणि त्याला पत्ताही नव्हता आपण काय केलं त्याचा. तो खूश होता. टाळ्या वाजवणाऱ्यांतही कोणाला पत्ता नव्हता. त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांची मला जितकी किळस आली, तितकी डायरीतल्या एकाही पानाची आली नव्हती. मी आत्याकडे पाहिलं. तिने पाहिलं होतं. तिची नजर त्यांच्या ओठांवरच होती.

पुढचा नाच सुरू झाला होता. कोऑर्डिनेटर बाई धावत आल्या, "मॅम, काय इमोशनल झालं हो! रील भारी जाणार." आत्याने वह्या मागून घेतल्या, तांब्या मागून घेतला, पिशवीत टाकला. म्हणाली, "चल."

बाहेरच्या पायऱ्यांवर अध्यक्ष पाहुण्यांना निरोप देत उभे होते. हात जोडून म्हणाले, "बाई, आशीर्वाद असू द्या." आत्या त्यांच्यापासून चार हात लांब थांबली. खाली वाकून पिशवीतून तांब्या काढला, पायरीवर ठेवला आणि माझा हात धरून चालू लागली. मागून त्यांनी हाक मारली, "अहो बाई, तुमचा तांब्या राहिला!"

आत्या वळली. त्यांच्याकडे न बघता, पायरीकडे बघत म्हणाली, "हा आता तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घरात बोलतात."